आठवड्याला १

डिचोलीच्या बाजारात माझं औषधांचं दुकान.
बुधवारी समोर मिरच्यांचे ढीग, सुक्या बांगड्यांचा वास,
आणि काउंटरवर दर खेपेला नव्या तोंडून तोच प्रश्न:
ह्या व्हिटॅमिनच्या गोळ्या बऱ्या की वाईट?
मी सुट्टे मोजत म्हणायचे, बऱ्या, बऱ्या.
पुढचं कोण?

नार्व्याचे अच्युतभट आले
तेव्हा त्यांची एक वहाण वाटेत कुठेतरी गळली होती
आणि पायाला ते कळलंच नव्हतं.
जन्मभर वरणभात, मुगागाठी, नीरफणसाची कापं.
त्यांना दिलं ते इंजेक्शन आगळासारखं लालभडक,
आधी दिवसाआड, मग आठवड्याने, मग महिन्याने.
चवथ आटोपल्यावर येऊन बाकावर बसले.
म्हणाले, "बाय, आज गाभाऱ्यातली फरशी थंड लागली."
आणि उपरण्याने डोळे पुसत राहिले.
बी-बाराच्या बाजूने मला दुसरी साक्ष नको.

जिमची पोरं पाच रंगांचे डबे नेतात,
सकाळी हळदीसारखं पिवळं मुततात,
बापाचे पैसे गटारातून नदीला.
त्यांना मी हसते. बिलही फाडते.

पास्कोलिनाबायला हसता येत नाही.

तिची हाडं दुखायची. रक्त तपासलं, डी कमी.
"इतकं ऊन आमच्या गोंयांत," ती म्हणाली होती,
"छपराच्या भोकातून ताटात पडतं, आणि कमी?"
डॉक्टरांनी साठ हजारवाली गोळी लिहिली.
मी पाकिटावर सुवाच्य अक्षरात लिहिलं
आठवड्याला १
आणि पाकीट सरकवलं. बुधवार होता. मागे रांग होती.

ती वाचायची रोमीतून. तिची प्रार्थनांची वही,
तारवटी लेकाची पत्रं, सगळं रोमी.
माझ्या पाकिटावरची आठ अक्षरं तिला नुसती वेलबुट्टी,
आणि शेवटी एक ओळखीचा आकडा, जरा उलटा वळलेला:
नऊ.
मग तिने रोज सकाळी घड्याळात नऊ वाजले की
एक गोळी घेतली.
एकही दिवस न चुकता. माझ्यावर भरवसा ठेवून.

दर चार दिवसांनी पट्टी संपत होती
आणि तुळशीदास नवी देत होता
आणि रात्री मी गल्ला मोजत होते.

तीन महिन्यांनी ती आली ती काठीला धरून.
कळशीभर पाणी प्याले तरी घसा कोरडा, म्हणाली.
मला तिच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली.
बांबोळीला नेलं. रक्तात कॅल्शियम एवढं
की तिथला शिकाऊ डॉक्टर कागद दोनदा वाचत राहिला.
जास्तीचं सी वाहून जातं, तो मला सांगू लागला,
डी चरबीत मुक्काम करतं, लवकर उठत नाही.
मला हे परीक्षेला आलं होतं.
मी लिहिलंही होतं बरोबर.

उतरायला काजूचा मोसम उजाडला.
आता ती येते, माझ्यासाठी पाडेलीत बांधलेले उंडे आणते,
त्या दिवसाबद्दल बोलत नाही.
लेकाने बोटीवरून पाठवलेली जाड काचेची बाटली
तिने सायबिणीच्या बाजूला ठेवली आहे, सील न फोडता.
फोनवर तो विचारतो, खाल्ल्यास ना गोळ्या?
ती म्हणते, खाल्ल्या रे, बऱ्या आहेत.

मी आता पाकिटावर इगर्ज काढते, खाली आयतार म्हणून घेते
समोरच्याच्या तोंडून, मग पाकीट सोडते.
रांग ओरडते. ओरडू दे.
"बऱ्या की वाईट ते सांग ना!" म्हणतात.
मी विचारते, कोणाला? पाय दाखवा. कागद दाखवा.
अर्धे कंटाळून समोरच्या दुकानात जातात.

रात्री शटर ओढल्यावर कधी
बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
मी तो एक काढून बघते.
पोट जरा लहान, शेपूट जरा सरळ.
कसाही काढला तरी
एका बाजूने तो नऊच दिसतो.