सतरावे कलम

डिचोलीच्या आमच्या वाचनालयाची घटना
पोर्तुगीज भाषेत आहे. तीन शिक्के, जांभळी शाई,
आणि सतरावे कलम :
संस्था मोडल्यास ग्रंथ सरकारजमा.

मागे, गंजल्या टाचणीला,
सगुण कारापूरकरांचा मराठी तर्जुमा.
सोळा कलमे जशीच्या तशी :
वर्गणी महिना दोन आणे,
पान उलटताना थुंकी लावू नये,
दिवा नऊला मालवावा.
सतरावे मात्र त्यांचे स्वतःचे :
संस्था मोडल्यास
ज्याच्या हाती जे पुस्तक असेल
ते त्याने परत करू नये.

खाली एकोणीस सह्या
आणि एक अंगठा, पुंडलीक घाडीचा.
तो वर्गणी भरून
ऐकायला यायचा.

परवा लेखापरीक्षकाने विचारले,
यातली मूळ प्रत कोणती?

मी टाचणी काढली नाही.
बोटाला गंज लागला तेवढा.