फक्त आजची फेरी

गेल्या वर्षी विमानं वेळेवर आली होती.
गाडीच आली नव्हती.

मिठ चौकीच्या मैदानात चार हजार माणसं,
माना वर करून उन्हात उभी,
आणि अक्साच्या बाजूने नुसता आवाज,
जसं शेजारच्या घरात लग्न
आणि आपल्याला आमंत्रण नाही.

दिगंबर सावे, वय एक्याऐंशी,
काखेत दुमडायची खुर्ची.
तीस वर्षं विमानांची चाकं बदलली होती त्यांनी.
म्हणाले, बाई, उडताना मी निवांत कधी बघितलंच नाही,
आमचं काम ते खाली आलं की सुरू.
त्यांचा नंबर लागला तेव्हा
आभाळात धुराच्या तीन रेघा उरल्या होत्या,
त्याही वाऱ्याने वाकलेल्या.
काही न बोलता ते घरी गेले.
खुर्ची उघडलीच नव्हती.

म्हणून यंदा मार्चमध्येच आयोजकांच्या हपिसात गेले.
कुणी बोलावलं नव्हतं.
डेपोत सव्वीस वर्षं गाड्या सोडल्यात मी,
तेवढी ओळख पुरे.
म्हटलं, गाड्या वाढवू नका.
रस्ता एकच. एका अंगाला खाडी,
दुसऱ्या अंगाला वलांडीवर बोंबील.
चाळीस घालाल तर चाळीस अडकतील.
चष्मेवाला पोरगा म्हणाला, मॅडम, गेल्या वर्षी तीस होत्या.
होत्या ना. तीसही एकामागे एक,
वरातीतल्यासारख्या.
बावीस द्या, पण फिरत्या द्या.
दर चार मिनिटांनी एक, भरो न भरो.

यावर इग्नेशियस ड्रायव्हर माझ्याशीच भांडला.
बारा सीट रिकाम्या घेऊन जाऊ? डिझेल काय खाडीतून येतं?
अरे, मालवणीच्या थांब्यावर माणसं उभी असतात,
भरलेली गाडी त्यांना फक्त धूळ देते.
तो गप्प बसला. पटलं म्हणून नाही,
त्याची बहीण मालवणीला राहते म्हणून.

पहिली गाडी बुटकी, खालच्या पायरीची,
म्हाताऱ्यांसाठी आणि कडेवरच्या पोरांसाठी.
रांगेला कापड, कापडाखाली बाकं.
आणि मुलीच्या शाळेतली जुनी पाटी.
तिच्यावर मी खडूने लिहायचे:
पुढची गाडी, ४ मिनिटं.

दहाला सुरू केलं. पावणेअकराला मार्वेच्या वळणावर
मासळीचा टेम्पो आडवा झाला.
चार मिनिटं पुसली.
एकोणीस लिहिलं.
हात थरथरला, खोटं सांगत नाही.
आठ लिहावं असं क्षणभर वाटलं होतं.
लोकांनी पाटी वाचली.
एकाने शिवी दिली, अर्धी गिळली.
बाकीचे बसले. कुणी शेंगांची पुडी सोडली,
एक पोरगी पाटीशी येऊन विचारू लागली,
एकोणीस म्हणजे किती गाणी?
मी म्हटलं, चार. मोठी असली तर.

दुपारी डोक्यावरून काहीतरी गेलं.
मी खाली बघत होते, गाडीचा नंबर टिपत होते.
कागदावरून सावली सरकली,
आकड्यांवरून, माझ्या बोटांवरून,
आणि मागून आवाज आला, छातीत शिरणारा.
वर पाहिलं तर आभाळ मोकळं.
एवढंच माझं विमान.

सावे साडेतीनच्या परतीच्या गाडीने उतरले,
खुर्चीला वाळू लागलेली.
कसं झालं, विचारलं.
म्हणाले, तिसऱ्याने चाकं काढून एक फेरी मारली.
वर घेताना उजवं जरा उशिरा आत गेलं.
कुणाच्या लक्षात आलं नसेल.
आणि बाकीचं?
बाकीचं चांगलं असणार. लोक टाळ्या वाजवत होते.

शेवटची गाडी सहा दहाला, दोन माणसं घेऊन आली.
इग्नेशियसने मुद्दाम हॉर्न वाजवला: बघ, रिकामी.
पाटी पुसली. तळवा पांढरा झाला,
साडीला पुसला, साडीही.

पुढच्या वर्षी मार्वेच्या वळणावर
क्रेन उभी हवी, सकाळी नऊपासून.
पावतीच्या मागे लिहून ठेवलंय.