खुळखुळ

आठ स्क्रू. सात सरळ निघाले,
आठव्याचं डोकं कुणीतरी आधीच चाकूनं खाल्लेलं.
दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीनं
वर्गणी काढून मस्कतहून मागवलेला हा टेप.
नवरात्रात नऊ रात्री चौकातल्या स्टुलावर,
बाकीचं वर्ष ज्याचा नंबर त्याच्या माळ्यावर.
यंदा नंबर माझा. आणि मी रिकामा,
रिफायनरीत पस्तीस वर्षं दाबाची, तापमानाची घड्याळं
दुरुस्त करून मार्चमध्ये घरी बसलेला.

दोन तक्रारी लिहून घेतल्या, पेशंटच्या लिहितात तशा.
एक: गुणगुण. प्लग लावला की सुरू,
आत कॅसेट नसली तरी.
दोन: खर्ज लागला की डावीकडे खुळखुळ.

गुणगुण सोपी.
कपॅसिटर म्हातारे होतात ते वरून दिसत नाही,
निळ्या सालीवर आकडे अजून स्वच्छ,
आत मात्र कोरडा ठणठणीत.
रावपुऱ्यात जिन्याखाली बसणाऱ्या जिग्नेशनं
एकवीस मोजून पुडीत बांधून दिले,
बडीशेप द्यावी तसे.
नवे सगळे ठेंगणे. क्षमता तेवढीच, उंची निम्मी.
जुन्या भोकांना त्यांचे पाय पुरेनात.
फाकवून बसवले एकेक,
उणे बाजूची पट्टी तीनतीनदा बघून.
तरी एक उलटा बसलाच.
तो फुटला तेव्हा कुंदा स्वयंपाकघरातून म्हणाली,
"दिवाळीला वेळ आहे अजून."

तिसऱ्या दिवशी गुणगुण गेली.
मी बराच वेळ काही न लावता
नुसता कान टेकून बसलो त्या पेटीला.

मग स्पीकर.
शंकूच्या कडेचा फोम बोटांना डांबरासारखा चिकटला.
डाव्याच्या कागदाला नेलपॉलिशचं ठिगळ,
लाल, दोन हात दिलेलं, नीट निगुतीनं.
नवे आणले. चार इंची, चार ओहम,
मॅग्नेट जाडजूड, सेलच्या खणात घुसणारा.
कानशीनं भिंत घासली. दोन सेलांची जागा गेली,
म्हणजे हा आता वायरीला बांधलेला,
गच्चीवर जाणार नाही.
चालायचंच. मी तरी कुठे जातो.

जुनी जोडी भंगारवाल्याला दिली
फुटक्या बादलीसोबत, किलोवर.

कॅसेट लावली. ढोल उठला.
आणि डावीकडे
खुळखुळ.

पुन्हा आठ स्क्रू.
सगळं सोडवून नुसता सांगाडा उपडा केला,
पोरं गल्ला हलवतात तसा हलवला.
धूळ पडली, उदबत्तीची काडी पडली,
आणि नखाएवढं एक आभलं,
घागऱ्यावरचं, कडेला हिरवा दोरा अजून.

कुंदानं ते खिडकीशी धरलं.
"माझं नाही. माझा घागरा साधा होता.
इलाबेनचं असेल. नाहीतर ती वरच्या मजल्यावरची पोर,
कॅसेट उलटायला टेपला टेकून उभी असायची बघ.
लाल नेलपॉलिश तीच लावायची."
"नाव काय तिचं?"
"तिचं नाव... थांब."
चहा झाला, भांडी झाली, नाव आलं नाही.

फोम गेला होता, ते खरं.
पण जो गुन्हा मी त्या स्पीकरवर लिहिला
तो त्याचा नव्हता.

सकाळी स्कूटर काढून वारसियाला गेलो.
भंगारवाल्यानं तोवर पत्रा वेगळा केलेला, तांबं वेगळं,
कागद कुठे गेला कोण विचारतो.
एकच मॅग्नेट मिळाला, रॉकेलच्या डब्याला चिकटलेला.
"एटलुंज छे, काका."
डावा की उजवा, विचारलं मी.
तो हसला.

मी तिथेच उन्हात उलटापालटा करून पाहिला,
लाल रंगाचा एखादा थेंब
असलाच तर.