आवाज कसा हवा

कोल्बी ऑस्लंड आला तेव्हा बाहेर उणे बावीस होतं.
मी म्हटलं, आधी दार लाव, मग बोल.

फोनमध्ये चार आवाज भरून आणले होते त्याने.
एक डरकाळीचा. एक नुसताच धबाधबा.
एकाने माझ्या डब्यातले नट थरथरले.
चौथा लावून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला.
मी म्हटलं, फोनमध्ये सगळ्याच गाड्या वाघ.

मग माझे प्रश्न. तीस वर्षं तेच विचारते.
रोज किती मैल?
एकशे दहा, तेलविहिरींवर, पहाटे चारला.
मागे काय ओढतोस?
घोड्यांचा ट्रेलर, बहिणीचा, कधीमधी.
शेजारी कोण बसतं?
यावर तो टोपीचा काठ चाचपू लागला.

हे बघ. खडूने फरशीवरच काढलं.
हा आरपार. आत भोकाभोकांची नळी, भोवती काचेची लोकर.
पहिल्या दिवशी तू राजा.
पण सत्तरच्या वेगाला एक भणभण धरते,
कानात नाही, दाढांत.
विलिस्टन येईपर्यंत
रेडिओवरची बातमी ओठांवरून वाचावी लागेल.

हा कप्प्यांचा. धूर भिंतींवर आपटतो, अडखळतो,
म्हाताऱ्या इंजिनालाही भारदस्त घसा येतो.
मागून दोन नळ्या नकोत, ट्रेलर जोडताना नडगी भाजेल;
एकच काढू, उजव्या चाकामागून.
तीन इंची कशाला, अडीच पुरे.
तोंड मोठं म्हणून गळा गोड होत नाही.

आणि पत्रा? इथे सहा महिने रस्त्यावर मीठ.
मुलाम्याचा पाच हिवाळे जगेल.
साधं स्टेनलेस तांबूस पडेल, पण तुला पुरून उरेल.
आरशासारखं हवं तर दुप्पट मोज,
आणि कोणाला दाखवायचंय ते मला सांगू नकोस.

तो म्हणाला, यातलं काहीच नको.
आजोबांच्या वेळी होता, तसा हवा.

ओर्विलची गाडी. मला वेगळं सांगायला नको होतं.
फुर्र-टक, फुर्र-टक,
धान्याच्या कोठारापाशी वळली की
पोस्टातली जुडिथ त्याच्या टपालाचा गठ्ठा
खिडकीतून न बघता बाहेर काढून ठेवायची.

गाडी लिफ्टवर चढवली, खालून दिवा धरला.
सायलेन्सरच्या मागच्या शिवणीला भोक,
अंगठा जाईल एवढं. कडेला गंजाचे पापुद्रे.
एक पट्टा सुटलेला, दर ठोक्याला पत्र्यावर टक.
कोल्बी माझ्या शेजारी मान वर करून उभा.
मी म्हटलं, हा बघ तुझा आवाज.
याला पार्ट नंबर नाही.
हा कोणी निवडलाच नव्हता.
सतरा वर्षं ओर्विल म्हणायचा,
मार्लिस, बर्फ वितळलं की करून टाकू.

नव्याला भोक पाडून देते हवं तर,
पण ते भोक तुझं होईल, त्याचं नाही,
आणि केबिनमध्ये धूर शिरून त्याला लवकर भेटशील.
तो हसला. मग बराच वेळ
हातमोज्याच्या पाठीने नाक पुसत राहिला.

कप्प्यांचा घेतला. एक नळी. साधं स्टेनलेस.
तीन तास लागले; एक नट कापूनच काढावा लागला.
सुरू केली तर खर्जातला, जाडसर,
थोडा परका आवाज.
तो म्हणाला, बरा आहे.
आजारी माणसाबद्दल बोलतात तसं म्हणाला.

जुना सायलेन्सर मागून घेतला.
भंगारवाला बारा डॉलर देईल, मी म्हटलं.
हो म्हणाला, आणि मागच्या हौद्यात टाकला.

एप्रिल संपला. अजून तिथेच आहे तो,
ना दोरी ना पट्टा,
पोटात गंजाच्या कपच्या घेऊन
प्रत्येक वळणावर इकडून तिकडे खळ्ळ.
कोठारापाशी आधी नवा घसा ऐकू येतो,
मग त्याच्यामागून ते खुळखुळणं.
जुडिथ म्हणते, गठ्ठा मी काढते अजून.
पण आधी खिडकीतून बघते.