मोहाखालचं अस्वल

ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत,
जिथं आधी रेशनचं रॉकेल ठेवायचे,
आता चार लॅपटॉप आहेत
अन् वास अजून रॉकेलचाच.

आम्ही चौघी. फोटोमागून फोटो.
जंगलात झाडांना बांधलेले कॅमेरे
हललं की टिपतात, काय हललं ते त्यांना कळत नाही.
आम्ही त्याच्याभोवती चौकट ओढतो,
यादीतून नाव निवडतो.
चितळ. रानडुक्कर. गुरं. माणूस.
सगळ्यात जास्त वेळा: काही नाही.

'काही नाही'त खूप काही असतं.
वाऱ्यानं कललेला बांबूचा शेंडा.
भिंगावरून चाललेला कोळी, त्याचा एकच पाय
विजेच्या खांबाएवढा.
एकदा तर वाघ नुकताच गेलेला, मी पैज लावते,
गवत अजून उठलं नव्हतं.
पण गेलेल्या वाघाला यादीत जागा नाही.
दाबलं: काही नाही.

खानझोडे मॅडम महिन्यातून एकदा नागपूरहून येतात.
म्हणतात, मशीनला स्वतःची नजर नसते,
तुमच्या चौकटी हीच त्याची नजर.
रेवंता म्हणते, मंग चष्मा लागंन बाप्पा त्याले,
माह्या चौकटी त साऱ्या वाकड्या हायेत.

चैत्रात मशीन स्वतःच नावं सुचवायला लागलं.
आम्ही फक्त हो म्हणायचं, नाहीतर खोडायचं.
दिवसाला आठशे हो.
बोटाला सवय होते, डोळ्याला विचारत नाही.

फोटो चार हजार एकशे अठरा.
पहाटेचे चार बेचाळीस. रंग नसलेला उजेड.
मोहाचं झाड, खाली सांडलेले पांढरे ठिपके,
ठिपक्यांत वाकलेलं काहीतरी काळं,
पाठ गोल, डोकं जमिनीला.
मशीन म्हणालं: अस्वल.
खात्री शंभरात एक्क्याऐंशी.

'हो'वर बोट गेलंच होतं.
मग टोपली दिसली.
मग डावा पाय, गुडघा ताठ,
रोवण्यात बांधावरून पडल्यापासूनचा.
मग शाल. माझीच,
बारावीच्या परीक्षेला पांघरून बसायची ती.

घरी म्हणते,
फटफटलं का जातो वो, साऱ्याजणी, गलबला करत.
फोटोत दुसरं कुणी नव्हतं.
फटफटायलाही अजून तास होता.

पुढचा फोटो, पाच वाजून सहा.
तेच झाड, तीच गोल पाठ, टोपली नाही.
अस्वल, त्र्याऐंशी.
यावेळी मशीनचं बरोबर होतं.
मधल्या चोवीस मिनिटांचा फोटो कुणीच काढलेला नाही.

मागे जाऊन पहिल्यावरचं अस्वल खोडलं.
लिहिलं: माणूस.
नियमाप्रमाणे चौकट अंगाला घट्ट हवी,
मी टोपलीसकट ओढली.
चेहरा धूसर करायचा असतो,
तो खाली होता, फुलांकडे, करायची गरज पडली नाही.

मॅडमना फोन करून सांगितलं, मशीन चुकलं.
आई आहे, हे नाही सांगितलं.
त्या म्हणाल्या, छान पकडलंस,
पण एका खोडण्यानं ते शिकत नाही गं,
हजार तरी लागतील.

संध्याकाळी अंगणात मोहफुलं वाळत होती.
आई फडक्यावर ती हातानं पसरत होती,
गुडघा न वाकवता.
म्हटलं, उद्यापासून मीपण येते.
कायले? मी का एकटी जातो का?
म्हटलं, सहजच.
तिनं फुलं पसरणं थांबवलं नाही.
थोड्या वेळानं म्हणाली,
चप्पल नको घालजो, बूट घाल.

नव्या कार्डातले फोटो काल आले.
तेच झाड. खाली दोन गोल पाठी,
एक मोठी, एक तिच्या मागं मागं.
मशीन म्हणतं: अस्वल. अस्वल.
रेवंता माझ्या खांद्यावरून वाकली,
पिल्लू हाये का वो थे?

मी लगेच खोडलं नाही.