सोपो

सकाळी सहाला म्हापशाचा बाजार
अजून पोत्यांत बांधलेला असतो.
मी पावतीपुस्तकाची दोरी सोडतो, अंगठ्याला थुंकी लावतो
आणि बसलेल्या बायकांची जमीन नजरेनेच मोजतो.
पाटीमागे दहा. पोतं पसरलं तर वीस.
याला सोपो म्हणतात.
शब्द कुठून आला ते मला ठाऊक नाही,
माझ्या आधीच्यालाही नव्हतं.

सुभद्रा गवस, इब्रामपूर.
केळीवालीच्या डावीकडे, गटाराच्या झाकणापासून दीड हात.
तांबडी भाजी, मुळे, अळसांद्यांचा एक ढीग,
आणि मुळांना चिकटून आलेली नदीकाठची माती,
तिच्यावर सोपो नाही.
दुपारी पालिकेचे झाडूवाले ती माती सुपात भरतात.
बावीस वर्षांत एक अख्खा वाफा
असा उठून आला असेल तिचा इथे, मुठीमुठीने.

जाताना पाटीत
कोंबड्यांचं खाद्य, विजेरीचे सेल, सासऱ्याच्या बीपीच्या गोळ्या
आणि एक कोबी. बेळगावचा.
"नातवाला मंचुरियन हवं," ती म्हणाली
आणि कोबीवर पदर ओढून घेतला,
शेजारणींनी बघू नये म्हणून.

मग एका शुक्रवारी तिची जागा रिकामी.
घडी घातलेलं पोतं, वर उपडी करवंटी.
मी पुढे सरकलो तर एस्पेरान्स केळ्यांच्या आडून म्हणाली,
"तिची फाड."
"पण ती नाही."
"जाग्याक ताप येत नाही. फाड."
फाडली. वीस रुपये, न आलेल्या बाईचे.
असे चार शुक्रवार.
पालिकेच्या वहीत त्या महिन्यात
काहीच कमी पडलं नाही.

पाचव्या शुक्रवारी आली ती दहा वाजता,
कुणाच्यातरी दुधाच्या पिकअपमधून,
भाजीने मान टाकलेली.
साडेपाचची बस बंद झाली म्हणाली.
मग स्वतःच दुरुस्त केलं: बंद नाही रे, बस आहे.
तुयेच्या कारखान्याने घेतली. सुटते साडेपाचलाच.
सून जाते तिच्यातून, चार्जर खोक्यांत भरायला.
ड्रायव्हर तोच, भोंगासुद्धा तोच,
फक्त पाटी चढवू देत नाही,
सीटांना कव्हरं घातलीत.
सून पगार आणते. चांगला आणते, खोटं कशाला बोलू.
मुळे उपटायला मात्र आता माझेच दोन हात.

ऐंशी रुपये तिने एस्पेरान्सच्या पुढ्यात ठेवले.
एस्पेरान्सने परत सरकवले.
नोटा चारदा केळ्यांवरून गेल्या आल्या,
शेवटी दोन जुड्या मुळे आणि एक फणी केळी
यांच्यात काहीतरी मिटलं.
त्याची पावती मला फाडता आली नाही.

मग तिने पिशवीतून तारेत ओवलेला जुडगा काढला.
चुलीवर टांगून धुराने तपकिरी झालेल्या पावत्या,
दोन रुपयांच्या, पाचाच्या,
आधीच्या कारकुनाच्या लपेटीदार सहीच्या,
मग माझ्याच, सगळ्या.
"इतकं भाडं भरलं," ती म्हणाली,
"तर कितीशी झाली असेल रे माझी जागा?
निदान गटाराचं झाकण?"
बायका हसल्या. मीही हसलो.

रात्री खोर्लीच्या भाड्याच्या खोलीत
तिच्याकडचे मुळे खाताना
मी दीड हात गुणिले दोन हात करून पाहिलं,
मग घरमालकाचा फोन आला, राहिलं ते.

पावतीवर नावाचा रकाना नसतो.
तारीख, रक्कम, शिक्का.
पुढच्या शुक्रवारी मी शिक्क्याच्या खाली
बारीक अक्षरांत लिहिलं: सुभद्रा गवस.

तिने पावती उजेडाला धरली, उलटी केली, सुलटी केली.
"हे काय जास्तीचं लिहिलंस?" ती म्हणाली,
"सोपो वाढवलास की काय?"