विसर्गाच्या दोन्ही बाजूंना

व्हार्डोच्या धक्क्यावर, मासळीच्या काट्याशेजारच्या खोलीत
जानेवारीची दुपार दीड वाजताच मिटते.
उजेड मग दोनच: क्रेनवरचा दिवा
आणि माझा स्क्रीन.

काम म्हटलं तर एका ओळीचं.
बोट परत आली का, प्रश्नचिन्ह.
आली असेल तर तिच्या कॉडचे किलो,
मग दोन ठिपके, एकाखाली एक,
दुःखातल्या विसर्गासारखे,
आणि आली नसेल तर
नल.
म्हणजे काहीच नाही.

कंपायलरने ओळ परत केली,
खाली लाल रेघ ओढून:
विसर्गाच्या अलीकडे संख्या, पलीकडे काहीच नाही,
या दोघांचं कूळ एक नाही,
सोयरीक जमणार नाही.
ओळ एकशे बारा.

बरोबरच होतं त्याचं, तेच तर चिडवत होतं.
आत काय पडायचं ते नंतर पडो,
त्याला पिशवी आधी शिवून हवी,
मापाची, एकच.

मी सरळ शून्य लिहिलं.
रेघ गेली. प्रोग्राम गुमान चालला.
भिंतीवरच्या पाटीवर नावं उमटली:
हाव्हब्लिक, सहाशे चाळीस.
स्टोर्मस्वाला, दोन हजार तीस.
लोम्वी, शून्य.

अस्लाक काट्यावरून आत आला,
बुटांना बर्फ, बाहीला खवले.
पाटीकडे बघून म्हणाला, "लोम्वी कधी आली?"
"नाही आली."
"मग शून्य कुणी मोजलं?"

ओरडला नाही. एकोणचाळीस वर्षं काट्याशी उभा राहिलेला माणूस
ओरडत नाही, वजन ठेवतो.
"शून्य म्हणजे पोरगं धक्क्याला लागलं.
रिकाम्या पेट्या आपटल्या,
हातमोजे हीटरवर टाकले,
कॉडला आणि मला शिव्या घातल्या,
माझ्या थर्मासातली कॉफी संपवली.
शून्य मी या हातांनी तोलून दिलंय, कितीदा तरी.
हे ते नाही."

लोम्वीवर आइलर्ट होता, एकटाच,
आणि वारा सकाळपासून ईशान्येचा.
आइलर्ट माझ्या बहिणीचा दीर.
हे कोडमध्ये कुठे येत नाही.

मी शून्य पुसलं.
रेघ परत आली, तर जवळजवळ बरंच वाटलं.
मग सव्वा तास घालवून सापडलं ते,
जे पुस्तकात पहिल्या चार पानांतच असतं:
संख्येच्या नावालाच चिकटवायचं एक प्रश्नचिन्ह,
मध्ये जागा न सोडता.
म्हणजे अशी संख्या, जी असेल
किंवा अजून नसेल.
विसर्गापलीकडे ताटकळलेल्या काहीच-नाहीला
सांगायचं, ये, तूही याच घरातलं.

कंपायलर गप्प बसला.
पाटीवर लोम्वीसमोरची जागा कोरी झाली.
अस्लाक तिच्याकडे बघत राहिला,
माणूस दाराकडे बघतो तसा,
मग टोपी ओढून बाहेर गेला.

सहा वाजून दहा मिनिटं. क्रेन करकरली.
मी काच पुसली, काचेत मीच दिसले.
बाहेर अस्लाकने
काट्यावर काहीच ठेवलं नाही
आणि ते मोजलं.

लोम्वी, शून्य.

शून्य बघून इतक्या मोठ्यानं
मी कधी हसले नव्हते.
आइलर्ट आत आला. जाळं म्हणाला, इंजिन म्हणाला,
कॉडच्या आईविषयी काहीतरी म्हणाला,
हातमोजे हीटरवर टाकून त्याने थर्मास उचलला, हलवला.

कॉफी नव्हती.
ती मीच संपवली होती,
एकशे बाराव्या ओळीवर.